पाचोळ्यातली पाल : रंग नव्हे, बोटे पाहा

प्रश्न : पावसाळ्याच्या सुरुवातीला येऊर येथे नातेवाइकांकडे मुक्कामी असताना रात्री अंगणाच्या कडेला, पालापाचोळ्यात तपकिरी रंगाची व पाठीवर गडद ठिपके असलेली एक लहान पाल दिसली. चाहूल लागताच ती भिंतीवर न चढता दगडाखाली शिरली. ती विषारी असल्याचे तेथील काहींनी सांगितले. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. ही कोणती पाल असावी व ती घरात येईल का? – एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : भारतात आढळणारी एकही पाल विषारी नाही, त्यामुळे ती भीती मनातून काढून टाकावी.

ओळख पटविताना बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच पालीचा रंग दिवसा, रात्री किंवा ती बिचकल्यावर फिका-गडद होत असतो. आपल्या दुसऱ्या छायाचित्रात पुढचा उजवा पाय स्पष्ट आला आहे. त्याची बोटे सडपातळ असून टोकाला नखे दिसतात, मात्र घरातल्या पालीच्या बोटांखाली असतात तशा रुंद, चिकटून धरणाऱ्या पट्ट्या तिथे नाहीत. एवढ्यावरून ‘हेमिडॅक्टिलस’ कुळी, म्हणजे घरपालींबरोबरच कान्हेरीच्या कातळांवर दिसणारी, अंगावर टपोऱ्या खवल्यांच्या रांगा असलेली मोठी खडकपालही बाद होते. आपल्या पालीला पापण्याही नाहीत, म्हणून पापण्या मिटू शकणारी बिबट्या पालही ही नव्हे.

उरतात त्या जमिनीवर राहणाऱ्या ‘सर्टोडॅक्टिलस’ पाली. त्यांपैकी दख्खनी पालीच्या पाठीवर गडद कडांचे फिकट आडवे पट्टे असतात. आपल्या पालीच्या पाठीवर मात्र गडद डागांच्या जोड्या आहेत. त्यामुळे ती ‘सर्टोडॅक्टिलस वरदगिरी’ असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते. पश्चिम भारतातील या पालींना पूर्वी कर्नाटकातील कोळ्ळेगालच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, १८७० साली वर्णन झालेल्या जातीत धरत असत. २०१६ मध्ये त्यांना स्वतंत्र जातीचा दर्जा मिळाला आणि सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांचे नाव देण्यात आले. मुंबईच्या इतक्या जवळचा प्राणी इतका काळ दुसऱ्याच नावाने वावरत होता, याचे नवल वाटते खरे. पण रात्री कंदील किंवा बॅटरी घेऊन पाचोळा न्याहाळणारे असतात तरी किती?

पानगळीच्या जंगलातील पाचोळा, दगडांच्या फटी आणि कुजके ओंडके हे तिचे घर. दिवसा ती तिथे दडून बसते आणि अंधार पडल्यावर किडे टिपायला बाहेर येते. गुळगुळीत भिंतीवर चढण्याची सोय बोटांत नसल्याने ती घरात मुक्काम ठोकण्याचा संभव फारच कमी. उलट अंगण झाडून पाचोळा पेटवून देण्याची आपल्याकडची सवयच तिच्या मुळावर येते. कुंपणालगतची हातभर पट्टी न झाडता सोडली तरी पुरे. ओळख पक्की करण्यासाठी पाठीचे सरळ वरून घेतलेले एक छायाचित्र लागेल. त्यासाठी दगड उलटावा लागला, तर पाल बाजूला झाल्याची खात्री करून तो होता तसाच ठेवावा. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, म्हणून हा शोध अंगणापुरताच ठेवावा. रात्री जंगलात वनविभागाच्या परवानगीशिवाय जाऊ नये.