सासूबाईंचा चहा आणि ठसका

प्रश्न : माझ्या सासूबाईंना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. सध्या नाकातील नळीने अन्न देतो. पण त्या चहासाठी हट्ट धरतात, म्हणून पलंगावर निजलेल्या असतानाच चमच्याने थोडा थोडा पाजतो. ठसका लागत नाही, तेव्हा नळी काढावी, असे शेजारी म्हणतात. काढावी का? – एक सून, खानापूर तालुका

उत्तर : नळी घरी काढू नका, आणि निजवून चहा देणे आजच थांबवा. ठसका लागत नाही म्हणजे गिळणे सुधारले, असे समजू नये. झटक्यानंतर घशाची संवेदना मंदावलेली असली, तर चहा श्वासनलिकेत उतरूनही खोकला येत नाही आणि पुढे न्यूमोनिया झाल्यावरच ते कळते. गिळण्याची चित्रित एक्स-रे तपासणी किंवा नाकातून दुर्बीण घालून केलेली तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काय चालेल, हे सांगता येत नाही. बेळगावच्या मोठ्या रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आणि स्पीच थेरपिस्ट (बोलण्याबरोबर गिळण्यावरही उपचार करणारे तज्ज्ञ) यांच्याकडे चौकशी करा. नळीला चार आठवडे उलटले असल्याने, ती आणखी बराच काळ लागणार असेल, तर पोटातून थेट नळी बसवण्याविषयीही विचारा.

चहा पातळ असल्यामुळे वेगाने घसरतो आणि घसा सावध होण्याआधीच खाली पोहोचतो. घट्ट नाचणीची आंबील तुलनेने सावकाश उतरते. सारभात किंवा चहात बुडवलेली खारी मात्र मऊ दिसूनही अवघड, कारण त्यात पातळ आणि घन एकत्र येतात. (आपल्याकडे आजाऱ्याला नेमके हेच प्रेमाने भरवतात.) कोणता घट्टपणा योग्य, ते तपासणीवरून ठरवावे.

थेरपिस्ट शिकवतात त्या गिळण्याच्या व्यायामांत जोर लावून गिळणे, गिळताना वर आलेला कंठ दोन-तीन सेकंद तसाच धरून ठेवणे आणि उताणे निजून खांदे न उचलता फक्त डोके उचलून पायाच्या बोटांकडे पाहणे हे प्रकार असतात. मानेचा त्रास असल्यास शेवटचा टाळतात. हनुवटी छातीकडे झुकवून गिळणे काहींना उपयोगी पडते, सर्वांना नव्हे. थेरपिस्ट कानडी बोलणाऱ्या असतील, तर सूचना मराठीत लिहून घ्या. सासूबाईंना नीट कळल्याशिवाय त्या व्यायाम करणार कशा?

तोंडाने काहीही न देण्याच्या काळातही दात, जीभ आणि कवळी दिवसातून दोनदा स्वच्छ करा, कारण लाळेबरोबर तोंडातले जंतूही फुप्फुसांत जातात. परवानगी मिळाल्यावर त्यांना ताठ बसवून लहान घास द्या आणि जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्या. ताप, धाप किंवा जेवताना घोगरा, ओलसर आवाज आल्यास भरवणे थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा.