मोजलंच नाही कधी

प्रिय माई,

माझं वय ३३. लहानपणी घरात टीव्ही नव्हता आणि चित्रपट म्हणजे वेळेची नासाडी, असं वडिलांचं ठाम मत. पुढे शिक्षण, नोकरी या धबडग्यात ते राहूनच गेलं. आठ महिन्यांपूर्वी लग्न झालं. नवरा चित्रपटवेडा. पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, ‘शोले किती वेळा पाहिलास?’ मी बोलून गेले, ‘मोजलंच नाही कधी.’ तो इतका खूश झाला की मला मागे फिरायची हिंमत झाली नाही. आता एका वहीत ‘बघायलाच हवेत’ अशा १४० चित्रपटांची यादी केली आहे. तो घरी नसताना दीडपट वेगाने एकेक उरकते. ३१ झाले, त्यातले निम्मे आठवतही नाहीत. ‘सिटिझन केन’ला तर चक्क झोप लागली. ‘शोले’ शेवटी ठेवलाय, संवाद काय, सगळे पाठच आहेत. पुढच्या महिन्यात त्याचे कॉलेजचे मित्र येणार आहेत आणि रात्रभर याच गप्पा होणार. सुरुवात कुठून करू? आणि जगाला जे थोर वाटतं त्याला मला जांभया येतात, म्हणजे माझ्यातच काही कमी आहे का?

— न पाहिलेली


प्रिय न पाहिलेली,

‘मोजलंच नाही कधी’ वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. तसं ते उत्तर खोटंही नाही. शून्य कोण मोजत बसतं?

आधी त्या वहीबद्दल बोलू. १४० हा आकडा कुठून आला ते तू लिहिलेलं नाहीस, पण पाच-सहा याद्या समोर ठेवून त्यांतली नावं उतरवून घेतली असणार. या याद्या करणाऱ्यांचं काय चालतं ते ऐक. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं, सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणता? पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ज’ अव्वल आला, तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. मग १९६२ ते २००२, सलग पाच वेळा, तुला झोपवणारा ‘सिटिझन केन’. २०१२ मध्ये हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’. आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘झान डीलमान’, ज्याचं नाव माझ्या ओळखीच्या कितीतरी चित्रपटवेड्यांनी तोवर ऐकलंही नव्हतं. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांचंही मत असं पालटतं. तू मात्र ती यादी परीक्षेचा अभ्यासक्रम असल्यासारखी उरकायला बसलीस.

आता दीडपट वेग. इथे मी रागावणार आहे.

ते ‘झान डीलमान’च घे. एका विधवा बाईचे तीन दिवस, त्यातलं तिचं घरकाम, आणि कॅमेरा जागचा हलत नाही. लांबी ३ तास २१ मिनिटं. दीडपट वेगाने तो सव्वादोन तासांत संपेल खरा, पण तुझ्या हाती काय लागेल? बाईंची कामं लवकर आटपली, एवढंच! त्या कामांना जेवढा वेळ लागतो तेवढा तुला तिच्याबरोबर बसवून ठेवणं, हाच तर तो चित्रपट आहे. सर्जिओ लिओनेच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) सुरुवात पाहा. रेल्वे स्टेशनवर तिघेजण गाडीची वाट बघताहेत. एकाच्या तोंडावर माशी, दुसऱ्याच्या हॅटवर टपटपणारं पाणी, पवनचक्कीची करकर. जवळजवळ बोलणंच नाही आणि हे कितीतरी मिनिटं चालतं. तिथे घाई केलीस तर गाडी येते तेव्हा छातीत जे धस्स व्हायला हवं ते होत नाही.

आणि ‘शोले’. ‘संवाद सगळे पाठच आहेत’ हे वाक्य तू सहज लिहून गेलीस, मी मात्र तिथेच अडकले. पाठ असणारच. १९७५ मध्ये तो आला आणि पुढे त्याच्या संवादांच्याच ध्वनिमुद्रिका निघाल्या, तडाखेबंद खपल्या. लोकांनी गाणी ऐकावीत तसे संवाद ऐकले. तेव्हापासून तो चित्रपट न पाहताही कानावरून लोकांच्या तोंडी बसला. गब्बर तुझ्याकडे असा आयताच आला. पण त्या चित्रपटात एक संध्याकाळ आहे. जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतोय. समोर वाड्याच्या सज्जात राधा एकेक दिवा मालवत जाते. कुणी काही बोलत नाही. मावळतीचा तो थोडाच वेळ टिकणारा उजेड पकडण्यासाठी या प्रसंगांचं चित्रीकरण कितीतरी संध्याकाळी थोडं थोडं करावं लागलं होतं. या प्रसंगाची नक्कल कुठल्याही स्नेहसंमेलनात कुणी करत नाही, कारण नक्कल करायला त्यात शब्दच नाहीत. तेव्हा बाई गं, तुला ‘शोले’ ऐकून माहीत आहे. तो दिवा तुझ्या वाट्याला अजून यायचाय, आणि तो तू दीडपट वेगाने, कुलूप उघडल्याचा आवाज येतोय का याकडे कान लावून बघणार होतीस!

तुझ्यात काही कमी आहे का? नाही. मला ‘२००१: अ स्पेस ओडिसी’त दोनदा झोप लागलीय आणि त्याबद्दल कुणी मला वाळीत टाकलेलं नाही. (तिसऱ्यांदा जागी राहिले. त्या वेळी मात्र त्यातल्या शांततेनेच झोप उडवली.) ‘सिटिझन केन’चं दुखणं वेगळं आहे. १९४१ मध्ये, पंचविशीतल्या ऑर्सन वेल्सने जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसेल अशी दृश्यं रचली, छत दिसेल इतका खाली कॅमेरा लावला, एका माणसाचं आयुष्य चार-पाच जणांच्या आठवणींतून उलटसुलट सांगितलं. पुढच्या लोकांनी हे इतकं उचललं की आता साध्या मालिकेतही ते असतं. तू नातवंडं आधी पाहिलीस आणि आजी नंतर, म्हणून आजी ओळखीची आणि जराशी कंटाळवाणी वाटली. शिवाय त्या वर्षी नऊ नामांकनं मिळूनही त्याला ऑस्कर एकच मिळालं, पटकथेचं. म्हणजे तेव्हाही सगळे भारावले नव्हतेच. तुला तो नाही आवडला, तर नाही आवडला. ‘महान असेल, मला रुचला नाही’ असं चारचौघांत म्हणून बघ, जिभेला काही होत नाही.

सुरुवात कुठून, तर थोरवी बघून निवडू नकोस, धागा धरून जा. उदाहरण देते. ‘बायसिकल थीव्ज’ जेमतेम दीड तासाचा आहे. बापाची सायकल चोरीला जाते, बाप-लेक ती शोधत फिरतात, बस. सत्यजित राय यांनी तो १९५० मध्ये लंडनला पाहिला आणि आपला चित्रपट असाच, खऱ्या जागी, नवख्या माणसांना घेऊन करायचा हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून १९५५ मध्ये ‘पथेर पांचाली’ आला. हे दोन लागोपाठच्या संध्याकाळी बघ. एका खोलीत बारा माणसं भांडतात तो ‘१२ अँग्री मेन’ (१९५७) बघितलास, की त्यावरूनच केलेला हिंदी ‘एक रुका हुआ फैसला’ बघ आणि तीच माणसं आपल्या भाषेत कशी भांडतात ते ताडून पाहा. लुटारूंना तोंड द्यायला गावकरी भाडोत्री लढवय्ये आणतात तो ‘सेव्हन सामुराई’, त्यानंतर त्यावरूनच केलेला ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’, आणि मग ‘शोले’तल्या ठाकूरला भाडोत्री माणसं आणावीशी का वाटली, हेही कळेल. असे चार धागे धरलेस तरी वर्ष जाईल. वहीतले बाकीचे कुठे पळून जात नाहीत.

‘सायको’ (१९६०) पाहिला नसशील तर त्याबद्दल एक अक्षरही वाचू नकोस. हिचकॉकने तेव्हा थिएटरवाल्यांना बजावलं होतं की चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, आणि पाहून बाहेर पडलेल्यांना विनवलं होतं की शेवट फोडू नका. साठ वर्षांत तो सगळीकडे फुटला, आणि तुझ्या घरात टीव्ही नव्हता म्हणून तुझ्यापर्यंत कदाचित पोहोचलेला नाही. तुझ्या नवऱ्याला विचार, तो पुन्हा कोराच्या कोरा पाहायला मिळावा म्हणून तो काय देईल. ज्या गोष्टीची तू आठ महिने लाज बाळगलीस, ती त्याला कितीही वेळा बघून आता मिळणार नाही.

म्हणून त्याला सांग. मित्र यायच्या आधी, आणि प्रस्तावना न करता: ‘मी शोले मोजला नाही म्हणाले होते ना, तो शून्य वेळा पाहिलाय.’ बहुतेक तो हसेल. नंतर थोडा गप्प होईल, याची तयारी ठेव. ‘शोले’बद्दल त्याला फार काही वाटणार नाही. तू वही लपवून, त्याची पाठ फिरली की अभ्यास करत होतीस, हे त्याला लागेल. तेव्हा वहीही दाखव. त्यातली घाई, खाडाखोड, ‘झोप लागली’चा शेरा, सगळं. आपल्याला आवडतं ते समजावं म्हणून बायको इतकी धडपडली, हे त्याला त्या वहीतून जेवढं कळेल तेवढं तुझ्या सांगण्यातून कळणार नाही.

मग दोघं मिळून बघायला लागाल तेव्हा दोन अटी आधीच घाल. पुढचा संवाद त्याने आधी म्हणायचा नाही. आणि दर पाच मिनिटांनी तुझ्या तोंडाकडे बघायचं नाही. चित्रपटवेड्यांना ही खोड असतेच. आपला लाडका प्रसंग आला की ते पडदा सोडून शेजारच्याचा चेहरा वाचतात आणि त्या बिचाऱ्याला भारावल्याचा अभिनय करावा लागतो. त्याने फारच शिष्टपणा केला तर विचार, ‘तू पाहिलास तो ‘शोले’ कुठल्या शेवटाचा?’ दिग्दर्शकाने आधी चित्रित केलेला शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता. १९७५ मध्ये थिएटरात वीस-वीस वेळा बसलेल्यांनीही मूळचा पाहिलेला नव्हता.

मित्रांच्या रात्रीसाठी एक खेळ सुचवते. डेव्हिड लॉज यांच्या ‘चेंजिंग प्लेसेस’ या कादंबरीत (तीही १९७५ चीच) प्राध्यापक मंडळी तो खेळतात. आपण न वाचलेल्या पुस्तकाचं नाव सांगायचं, आणि खोलीतल्या जितक्यांनी ते वाचलं असेल तितके गुण आपल्याला. एक इंग्रजीचा प्राध्यापक ईर्ष्येला पेटून ‘हॅम्लेट’ सांगतो. खेळ जिंकतो आणि नोकरी घालवतो. तुम्ही हाच खेळ चित्रपटांचा खेळा. एकेका पंडिताच्या पोतडीतून काय काय न पाहिलेलं बाहेर पडेल ते ऐकून तुझे कान तृप्त होतील. तुझी नोकरी सुरक्षित आहे, तेव्हा तू बिनधास्त ‘शोले’ म्हण, सगळ्यांचे गुण तुझे.

त्यासाठी क्रम तेवढा सांभाळ. नवऱ्याला कबुली आधी दे, पण मित्र जाईपर्यंत ‘शोले’ लावू नकोस.

— माई