तलावकाठच्या डोंगरी गावात मुक्काम ठेवून रोज गाडीने फिरायचं, तर आखणी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगरातल्या लहानशा तलावकाठच्या गावात आठवडाभर मुक्काम आहे, गाडी स्वतःची आहे, सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं आहे. नकाशावर सहा-सात ठिकाणं टिपली आहेत, सगळी शंभर किलोमीटरच्या आत. कुठलं कधी करावं?

ठिकाणांची यादी जरा बाजूला ठेवा आणि नकाशात आधी पाणी बघा. तलावात ओढे दहा येतात, पण बाहेर पडणारा प्रवाह बहुतेक वेळा एकच असतो. धरणाचा तलाव असेल तर तो भिंतीपाशी सापडेल. त्या प्रवाहाला धरून खाली जाणारा रस्ता म्हणजे गावाचा हमरस्ता. तो रुंद असतो, बस-ट्रक त्यावरूनच येतात, पंप आणि गॅरेजही बहुधा त्याच दिशेला असतात. तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या कडेने वर जाणारे रस्ते अरुंद होत होत कुठेतरी संपतात, म्हणजे गेलात तसेच मागे फिरायचं. उरलेले रस्ते डोंगराच्या सोंडेवरून चढून खिंडीतून पलीकडच्या खोऱ्यात उतरतात. तुमचं प्रत्येक ठिकाण या तीनपैकी कुठल्या रस्त्यावर आहे ते लिहून काढा. अर्धी आखणी तिथेच होते.

खिंडीपलीकडचं ठिकाण सत्तर किलोमीटरवर दिसत असलं, तरी त्या दिवसात दोन चढ आणि दोन उतार असतात. शेवटचा उतार नेमका संध्याकाळी येतो, तेव्हा चालवणारा दमलेला असतो आणि उजेडही कमी झालेला असतो. म्हणून अशा दोन फेऱ्या लागोपाठच्या दिवशी ठेवू नका. मी आखली तर पहिला दिवस तलावाला वळसा, दुसरा एखाद्या ओढ्याच्या रस्त्याने वर, तिसरा खिंडीपलीकडे, चौथा रिकामा. हमरस्त्याची फेरी कुठल्याच दिवसाला बांधायची नाही, ती पावसाळी दिवसासाठी राखून ठेवायची, कारण खराब हवेत सगळ्यात भरवशाचा रस्ता तोच. एका खिंडीतून जाऊन दुसरीतून परत येण्याचा गोल मार्ग नकाशावर फार सुंदर दिसतो. पण दुसरी खिंड त्या दिवशी उघडी आहे याची सकाळी खात्री झाली असेल तरच त्यावर जा. नाहीतर दुपारी चार वाजता बंद फाटक बघून अख्खा रस्ता उलटा तुडवावा लागेल.

आता वेळ. डोंगरात किलोमीटर मोजून काही कळत नाही. नुसत्या घाटाला मी ताशी 25 किलोमीटर धरतो आणि खोऱ्यातल्या बऱ्या रस्त्याला 45. दर तासाला दहा मिनिटं थांबायची. एक उदाहरण करून बघू. ठिकाण 70 किलोमीटरवर, त्यात 40 घाट आणि 30 सपाट, खिंड गावापासून 22 किलोमीटरवर. घाटाला 96 मिनिटं, सपाटीला 40, म्हणजे सव्वादोन तास. थांबे धरून पावणेतीन. सूर्यास्त सहाचा असेल तर परतताना साडेचारला खिंडीत असायचं, म्हणजे खालचा घाट उजेडात उतरून साडेपाचपर्यंत गावात. खिंडीच्या पलीकडचे 48 किलोमीटर थांब्यासकट एक तास चाळीस मिनिटं घेतात, म्हणजे ठिकाण सोडायचं ते दोन पन्नासला. सकाळी साडेसातला निघालात तर सव्वादहाला पोचाल आणि हातात साडेचार तास राहतील. साडेनऊला निघालात तर अडीच. नाश्ता लांबला की काय जातं ते असं दिसतं. हिशेब नेहमी असा शेवटाकडून मागे करा आणि परत फिरण्याची एक वेळ ठरवून ठेवा. ती वेळ झाली की ठिकाण पाच किलोमीटरवर राहिलं असलं तरी गाडी वळवायची.

सूर्यास्ताची छापील वेळ सपाट क्षितिजाची असते. खोलगट खोऱ्यातल्या गावात पश्चिमेला डोंगर असेल तर ऊन त्याआधीच जातं, कधी तासभर, कधी त्याहून जास्त. अंदाज हवा असेल तर हात लांब करून चार बोटं आडवी धरा. सूर्य आणि डोंगरकडा यांच्यात चार बोटं मावली तर साधारण पाऊण ते एक तास ऊन उरलंय.

हवेचंही तसंच. रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत येऊन तलावाच्या खळग्यात साचते आणि पहाटे गावावर धुकं बसतं. खिडकीतून पाहिलं की आजचा दिवस गेला असं वाटतं. प्रत्यक्षात शे-दोनशे मीटर चढलं की बऱ्याचदा वर लख्ख ऊन असतं. धुकं दिसलं म्हणून निघणं रद्द करू नका. पहिले काही किलोमीटर डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली ठेवून, सावकाश काढा, अपर (वरचा झोत) मारलात तर समोर पांढरी भिंत उभी राहते. दुपारी उलट होतं. उन्हाने तापलेली हवा वर चढते, कड्यांवर ढग जमतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात विजांचा पाऊस साधारण दुपारनंतर तिथेच कोसळतो. म्हणून खिंडी सकाळी ओलांडाव्यात. उंचीने थंडी किती वाढेल याचा ढोबळ हिशेब म्हणजे हजार मीटरला साडेसहा अंश. गावात 8 असेल तर हजार मीटर वरच्या खिंडीत दीडच्या आसपास, आणि रात्री तिथे गोठलेलं पाणी सावलीच्या वळणावर आणि पुलांवर सकाळी उशिरापर्यंत तसंच राहतं. पुलाखालूनही गार हवा खेळते, म्हणून पूल रस्त्याच्या आधी गोठतो. डांबर ओलं दिसतंय पण समोरच्या गाडीच्या चाकातून पाणी उडत नाही, तर तो बर्फ समजायचा.

तलावाच्या फेरीत दिशा महत्त्वाची, आणि ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. वाहतूक डाव्या बाजूने असेल तर फेरी घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने मारा. मग पाणी तुमच्या डाव्या हाताला, तुमच्याच बाजूला राहतं. गाडी लावायच्या पाण्याकडच्या जागांत थेट शिरता येतं आणि निघतानाही समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. वाहतूक उजवीकडून असेल तर काट्याच्या दिशेने जा. सोबत कुणाला दरीची भीती वाटत असेल तर मात्र हाच नियम उलटा करा, म्हणजे तुमची लेन डोंगराकडची राहील.

इंधनाला साधी शिस्त आहे: टाकी रोज संध्याकाळी भरायची आणि अर्ध्यावर काटा आला की जिथे आहोत तिथून परतीचा विचार करायचा. नकाशातल्या पंपावर विसंबू नका. लहान गावातला पंप संध्याकाळी लवकर बंद होतो किंवा टँकर न आल्याने कोरडा असतो. चढ किती खातो तेही लक्षात असू द्या. दीड टनाची गाडी हजार मीटर चढवायला सपाट रस्त्याच्या वापरापेक्षा दीड लिटरच्या वर पेट्रोल जास्त लागतं. साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद हजार मीटरला साधारण दहा टक्के कमी होते, तेव्हा गावाखाली जमलेला ओव्हरटेक खिंडीजवळ जमेलच असं नाही. इलेक्ट्रिक गाडी दोन टनांची धरली तर हजार मीटर चढाला सुमारे सहा युनिट जास्त जातात आणि उतरताना त्यातली निम्म्याहून थोडी अधिक परत मिळतात. मात्र सकाळची सुरुवातच लांब उताराने असेल तर बॅटरी शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीची वीज मावत नाही आणि मग सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. पंच्याऐंशी-नव्वद पुरे.

ब्रेकवर जरा जास्त लिहितो, कारण घाटात माणसं सगळ्यात जास्त चुकतात ती इथे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली की पेट्रोल वाचतं, हा समज दोन्हीकडून चुकीचा आहे. आजची इंजेक्शनची इंजिनं गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद करतात, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावं लागतं. आणि इंजिनाची पकड गेल्यामुळे सगळं वजन ब्रेकवर येतं. दीड टनाची गाडी हजार मीटर उतरली की साधारण चार युनिट वीज जितकी ऊर्जा देते तितकी कुठेतरी जिरवावी लागते. ती सगळी डिस्कमध्ये गेली तर डिस्क तापते, उष्णता डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरपर्यंत पोचते आणि ब्रेक ऑइल उकळतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक प्रत) ऑइल 230 अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि पाणी मुरलेल्या ऑइलसाठी ही किमान मर्यादा 155 वर येते. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पाय ठेवला की पेडल स्पंजासारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. ऑइल बदलून दोन वर्षं उलटली असतील तर निघण्याआधी बदलून घ्या.

गिअर उतार सुरू होण्याआधी घ्यायचा. चढताना जो लागला असता तोच किंवा एक खालचा. ऑटोमॅटिकमध्ये एल, दोन (दांड्यावरच्या खालच्या गिअरच्या खुणा) किंवा मॅन्युअल मोड, हायब्रिडमध्ये असेल तर बी, म्हणजे उतारावर गाडी रोखून धरणारी खूण. ब्रेकवर सतत हलका पाय ठेवून उतरू नका. वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की ठाम दाबून आठ-दहा किलोमीटरने खाली आणा आणि पाय पूर्ण काढा. मधल्या वेळात डिस्कला वारा लागतो. जळका वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर लगेच खालचा गिअर घ्या आणि पहिल्या मोकळ्या जागी थांबा. थांबल्यावर पेडल दाबून धरू नका आणि मागची चाकं तापलेली असतील तर हॅण्डब्रेकही ओढू नका. गिअरमध्ये गाडी बंद करा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये टाका, आणि उताराच्या बाजूने चाकाखाली दगड लावा. अर्धा तास जाऊ द्या. डिस्कवर पाणी ओतायचं नाही, तापलेलं लोखंड वाकतं किंवा तडकतं.

अरुंद रस्त्यावर बहुतेक ठिकाणी चढणाऱ्याला आधी वाट देतात. मागे सोडलेली रुंद जागा कुठे होती हे डोक्यात ठेवत चला, रिव्हर्स घ्यायची वेळ आली की तेच उपयोगी पडतं. पावसानंतर ताज्या कापलेल्या कड्याखाली थांबायचं नाही. बारीक खडे ठिबकताना दिसले तर त्यांच्या पाठोपाठ दरड येतेय असं समजून निघा. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते किती उथळ दिसतं याला अर्थ नाही. एक फूट वाहतं पाणी लहान गाडी ढकलू शकतं, दोन फूट बहुतेक सगळ्या गाड्या नेतं.

नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, मुक्कामाच्या वायफायवर, पलीकडच्या खोऱ्यासकट. रेंज गेली तरी जीपीएस चालू राहतं, कारण ते उपग्रहावर चालतं. गायब होतो तो पडद्यावरचा नकाशा. ॲपला जवळची वाट म्हणून जंगलातला कच्चा रस्ता दाखवायची खोड असते, तेव्हा मार्ग मोठा करून बघा. तो खिंडीचा डांबरी रस्ता सोडत असेल तर मधला थांबा टाकून त्याला परत रस्त्यावर आणा. आणि निघताना मुक्कामावर एक चिठ्ठी ठेवा: गाडी नंबर, कुठल्या रस्त्याने, किती वाजेपर्यंत परत.

टायरची हवा सकाळी थंड असताना, गावातच बघा. खिंडीत मोजलीत तर हजार मीटरमागे दीड पीएसआय जास्त दिसते, कारण बाहेरची हवा विरळ असते. तिथे जाऊन हवा कमी करू नका, खाली उतरल्यावर टायर मऊ पडेल. स्टेपनीतली हवा त्याच वेळी बघून घ्या. जॅक, पाना, टोचनाचा दोर आणि हूक, टॉर्च, पाच लिटर पाणी, प्रत्येकाला एक गरम कपडा एवढं डिकीत हवंच. अलॉय व्हील असतील तर चोरीच्या भीतीने बसवलेल्या लॉकनटची चावी कुठे आहे ते आजच शोधा. ती घरी राहिली तर पाना, जॅक आणि भरलेली स्टेपनी असूनही चाक निघत नाही.