कमी बजेटमध्ये जुन्या धाटणीचं सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल कोणतं घ्यावं?
परवाना हातात असेल तर माझं मत सरळ १९११ या मॉडेलच्या पिस्तुलाला. जॉन ब्राउनिंगचं हे डिझाइन अमेरिकी सैन्याने १९११ सालीच स्वीकारलं. फिलिपिन्सची आर्मस्कोर आणि तुर्कस्तानची टिसास ते आजही बऱ्याच कमी किमतीत बनवतात.

फक्त .४५ इंची गोळीच्या मोहात पडू नका, ९ मिमी गोळीचं घ्या. झटका कमी, काडतूसही स्वस्त. आणि खरा पैसा पिस्तुलापेक्षा सरावाच्या गोळ्यांतच जातो.

वापरलेलं घेत असाल तर आधी ते पूर्ण रिकामं असल्याची दोनदा खात्री करा. मग हॅमर (मागचा घोडा) चढवून थंब सेफ्टी (अंगठ्याने लावायचा सुरक्षा खटका) लावा आणि ट्रिगर दाबा. हॅमर पडला तर सौदा तिथेच सोडा! नळीतल्या खाचा झिजलेल्या नकोत, स्लाइडला (वरच्या सरकत्या भागाला) तडा नको. गोळी अडकत असेल तर बऱ्याचदा दोष मॅगझिनचा (गोळ्या भरायच्या पेटीचा) असतो, तो बदलणं सोपं.