तुमचे प्रश्न : अडलेलं गणित आणि रात्रीची झोप

प्रश्न : मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंटिग्रेशनचं एखादं गणित अडलं की रात्री दोनपर्यंत घेऊन बसतो, तरी सुटत नाही. तेच सकाळी कधीकधी दहा मिनिटांत सुटतं. हा झोपेचा गुण की योगायोग? आता उन्हाळ्यात तर झोपच लागत नाही. (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : योगायोग नाही. दमलेलं डोकं नवी वाट शोधत नाही, जुनीच गिरवत बसतं. समजा, वर्गमूळाखाली एक्सचा वर्ग अधिक ९ आहे. सवयीने तुम्ही एक्स म्हणजे ३ साइन थीटा धरता. वर्गमूळ जात नाही, म्हणून तेच पुन्हा करता, फक्त अक्षर जरा नीट काढून. सकाळी नजर आधी त्या अधिकच्या चिन्हावर जाते आणि इथे ३ टॅन थीटा हवं, हे दिसतं.

जर्मनीत ल्यूबेकच्या संशोधकांनी २००४ साली हेच तपासलं. आकड्यांच्या कोड्यात एक सोपी वाट दडवली होती. लोकांनी ते आधी थोडं सोडवलं आणि आठ तासांनी पुन्हा हातात घेतलं. मधल्या आठ तासांत झोपलेल्यांपैकी ५९ टक्के लोकांना ती सापडली, जागे राहिलेल्यांपैकी जेमतेम २३ टक्क्यांना. मात्र ज्यांनी आधी कोडं सोडवायला घेतलंच नव्हतं, त्यांना झोपेचा काही फायदा झाला नाही. वही न उघडता झोपणाऱ्याला सकाळी काही सुचत नाही, ते यामुळेच.

तेव्हा संध्याकाळी पाऊण तास मनापासून झटा. मग कुठे अडलं ते एका ओळीत लिहा : ‘३ साइन थीटा घेतलं, वर्गमूळ गेलं नाही. का?’ आणि वही मिटा. मोबाइलवर उत्तर बघू नका. बघितलंत की शोध तिथेच संपला. सकाळची पहिली वीस-तीस मिनिटं झोपेच्या गुंगीची असतात, ती जाऊ द्या. नंतर कोऱ्या पानावर सुरुवात करा. कालचं पान उघडलंत तर हात कालच्याच चुकीकडे जातो.

पहाटेची झोप तोडू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यामुळे सातऐवजी पाच तास झोपलात तर तीच जास्त बुडते. चहातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात उरतं, म्हणून शेवटचा कप चारच्या आत.

झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि मे महिन्यात आपल्याकडे स्लॅब रात्रीही तापलेला असतो. झोपण्याच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करा. गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते. सूर्य मावळल्यावर गच्चीवर पाणी मारा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्याने ते झपाट्याने उडतं आणि स्लॅब निवतो.

दुपारी डुलकी घ्याच, पण वीस मिनिटांचा गजर लावून. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून उठावं लागतं आणि डोकं जड होतं.

प्रश्न : आमचे मिस्टर यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला असतात. सकाळी आल्या आल्या घरचा हिशेब करायला बसतात आणि हमखास चुकतात. काय करावं? (गृहिणी, साखर पेठ)

उत्तर : हिशेब दुपारी, झोप झाल्यावर ठेवा. सकाळच्या उन्हाने मेंदूला दिवस उजाडल्याची खूण मिळते, म्हणून घरी येताना त्यांनी काळा गॉगल लावावा. हलकं खाऊन लगेच झोपावं, खिडकीला जाड पडदा हवा. पाच-साडेपाच तासच झोप मिळत असेल तर पाळीला निघण्याआधी आणखी तासभर पडावं.