ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारता’त भीष्म साकारणारे आफ्रिकन अभिनेते कोण?

सोतिगी कुयाते. जन्म १९३६ चा, मालीतला. कारकीर्द घडली बुर्किना फासो आणि फ्रान्समध्ये. घराणं ग्रिओंचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी आणि कथा मुखोद्गत ठेवणाऱ्यांचं. तरुणपणी ते बुर्किना फासोच्या राष्ट्रीय संघातून फुटबॉल खेळले, मग नाटकाकडे वळले.

१९८५ मध्ये फ्रान्समधल्या आविन्यों नाट्यमहोत्सवातल्या नऊ तासांच्या प्रयोगात ते भीष्म होते, १९८९ च्या चित्रपटातही. तो जरूर बघा: उंच, काटक देह, आवाज जराही न चढवता बोलणं. इतका पटणारा भीष्म मी दुसरा पाहिलेला नाही.

नंतर ‘लंडन रिव्हर’ या चित्रपटात २००५ च्या लंडनमधल्या बॉम्बस्फोटांनंतर मुलाला शोधणारा बाप त्यांनी केला. त्यासाठी २००९ साली बर्लिन चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं रौप्य अस्वल मिळालं. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ते वारले.