शाळा उघडायच्या आठवड्यात झोप का उडते?

मे महिना उतरणीला लागला की समुपदेशनासाठी माझ्याकडे शाळांतून फोन येऊ लागतात. मुलांविषयीचे फोन जूनमध्ये येतात. मेअखेरचे फोन मोठ्यांचे स्वतःसाठी असतात, आणि त्यांत मुख्याध्यापक बरेच. बोलणं कुठूनही सुरू होवो, प्रश्न तिथेच येतो: "इतकी वर्षं वर्गात उभी राहिले, कधी भीती वाटली नाही. आता शाळा सुरू होणार म्हटलं की पोटात गोळा येतो. मी या खुर्चीच्या लायकच नाही का?"

उत्तरादाखल एका बाईंची हकीकत सांगते. त्यांच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गोव्यातल्या फोंड्याकडच्या एका अनुदानित हायस्कूलच्या त्या मुख्याध्यापिका. वय पन्नाशीच्या आसपास, विषय गणित. आधीचे हेडमास्तर निवृत्त झाले आणि ज्येष्ठतेने खुर्ची त्यांच्याकडे आली. पहिल्याच वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्क्यांवरून घसरला, दोन मुलं नापास झाली. गोव्यात दहावीचा एकूण निकालच नव्वदीच्या पुढे असतो आणि शंभर टक्केवाल्या शाळांची यादी पेपरात छापून येते. त्या यादीत आपलं नाव नसणं गावात कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

त्यात २०२५ मध्ये वर्षाचा साचाच बदलला. सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग जूनऐवजी एप्रिलमध्येच सुरू झाले. काही पालक हायकोर्टापर्यंत गेले, पण वर्ग भरलेच. उकाड्यात सकाळची शाळा, मग मेची सुट्टी, मग जूनमध्ये परत सुरुवात, आणि पाचवी तर तेव्हाच नव्याने यायची. "आमचं वर्ष दोनदा सुरू होतं हो," बाई म्हणाल्या. "एकदा धडधड झाली, आता दुसऱ्यांदा."

रात्री तीनला जाग, मग पहाटेपर्यंत डोक्यात शाळा. हातपाय गार पडायचे, मध्येच घाम फुटायचा. सगळ्यात आधी मी त्यांना फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. या वयात थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि पाळी जाण्याच्या काळातली झोपमोड तपासल्याशिवाय सगळा दोष मनाला देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. त्यांचं हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या, आणि पुढचं बोलणं सोपं झालं.

पुढच्या वेळी त्या एक वही घेऊन आल्या. पहिल्या दिवसाचं भाषण होतं: थोडं असेंब्लीसाठी, बाकीचं स्टाफ मीटिंगसाठी. पानांमागून पानं भरली होती. मी म्हटलं, मोठ्याने वाचा. उशिरा येऊ नये, मोबाईल आणू नये, वह्या अपुऱ्या राहू नयेत, पोर्शन मागे पडू नये, गेल्या वर्षीची नामुष्की पुन्हा होऊ नये. वाचता वाचता त्यांचाच आवाज बसला.

मी विचारलं, "यात पाचवीचं मूल कुठे आहे?"

कुठेच नव्हतं. आता, गोव्यातल्या हायस्कूलची पाचवी म्हणजे काय हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या, चौथीपर्यंतच्या. पाचवीला मूल हायस्कूलमध्ये येतं आणि बहुतेक ठिकाणी माध्यम एकदम इंग्रजी होतं. दहा वर्षांचं पोर, गावातली पंधरा-वीस मुलांची शाळा सोडून शेकडो मुलांच्या इमारतीत येतं, पहिल्यांदा बालरथात, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, बसतं, आणि विज्ञानाच्या बाई बोलतात ते त्याला निम्मं कळत नाही. त्या दिवशी शाळेत सगळ्यात जास्त घाबरलेलं कुणी असेल तर ते. आणि भाषणात त्याच्यासाठी एक वाक्य नव्हतं.

"मग हे भाषण कुणाला ऐकवायचंय?"

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या संस्थेच्या चेअरमनना."

चेअरमन त्या दिवशी येणारही नव्हते. मुख्याध्यापकांशी बोलताना मला हे वारंवार दिसतं. वरच्यांना द्यायचं उत्तर मनात घोळत असतं आणि ते समोरच्या लेकरांना ऐकवलं जातं. धास्ती अशी स्टाफरूममध्ये उतरते, तिथून वर्गात जाते आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचते. म्हणून मुख्याध्यापकांच्या मनःस्थितीकडे मी त्यांची खाजगी बाब म्हणून बघूच शकत नाही.

आम्ही कामाला लागलो. रात्री तीनला जे जे आठवतं ते कागदावर उतरवायला सांगितलं. बालरथाची कागदपत्रं, लॅबच्या छपराची गळती, माध्यान्ह आहाराच्या बचतगटाशी बोलणं, विज्ञानाची रिकामी जागा आणि तिथे लेक्चर बेसिसवर (तासिका तत्त्वावर) माणूस मिळेल का ही विवंचना. यातल्या प्रत्येकापुढे एक नाव आणि एक तारीख लिहिली. ही कामं आहेत, ती दिवसा करायची. छपराचं काम क्लार्कने दोन फोनांत मार्गी लावलं. काळजीसाठी संध्याकाळी चहानंतर अर्धा तास राखून ठेवला. रात्री जाग आली की मनाला सांगायचं, उद्या संध्याकाळी सहाला बघू. ऐकायला फार साधं वाटतं, पण नेटाने केलं तर बहुतेकांना उपयोग होतो, कारण मनाला विषय टाळायला सांगितलेलं नसतं, फक्त वेळ दिलेली असते. स्टाफचा व्हॉट्सॲप ग्रुप साडेआठनंतर बंद. याला त्यांनी सगळ्यात जास्त विरोध केला. "काही तातडीचं असलं तर?" तातडीचं असेल तो फोन करेल, मी म्हटलं.

कामं बाजूला काढल्यावर कागदावर एकच गोष्ट उरली. तिच्यापुढे नाव होतं, तारीख नव्हती. नापास झालेल्या दोघांतला एक मुलगा.

निकालाच्या दिवशी त्याची आई शाळेत आली होती. "बाई, आतां कितें करूंया?" (आता काय करायचं?) असं विचारत ती ऑफिसच्या दारात उभी राहिली. बाईंनी तिला पुरवणी परीक्षेची तारीख सांगितली आणि त्या मीटिंगला निघून गेल्या. तारीख बरोबर होती, नियमाने काहीच चुकलं नव्हतं. पण ती आई दारात तशीच उभी राहिलेली त्यांना रोज रात्री दिसत होती. सांगताना त्या रडल्या, आणि मला वाटतं त्या निकालानंतर पहिल्यांदाच रडल्या.

खुर्चीच्या लायक आहे की नाही, हा प्रश्न कित्येकदा असाच तयार होतो. एक ठसठसणारी गोष्ट असते, तिच्याकडे बघवत नाही, मग मन स्वतःवर सरसकट निकाल देऊन मोकळं होतं. सरसकट निकालावर उपाय करता येत नाही. त्या एका गोष्टीवर करता येतो. मी विचारलं, पुरवणी परीक्षा झाली का? व्हायची होती.

बाईंनी त्या आईला फोन केला. मुलगा गणितातच अडकला होता. सुट्टीत तो रोज सकाळी शाळेच्या लायब्ररीत येऊ लागला आणि बाई त्याला स्वतः शिकवू लागल्या. बीजगणितात तो सातवीपासूनच मागे राहिला होता, हे तेव्हा कळलं. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर बाई मला म्हणाल्या, "वर्षभरात मी खडूच हातात धरला नव्हता." त्यांच्या वाट्याच्या तासिका त्यांनी कामाच्या रगाड्यात दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. ज्या गोष्टीत त्यांचा पाय पक्का होता, तीच सोडून त्या वर्षभर सर्क्युलरांना उत्तरं देत होत्या. मुख्याध्यापकाने एक तरी वर्ग हातचा सोडू नये असं मी आता प्रत्येकाला सांगते, मग ऑफिसात कितीही फायली साचोत. बाईंनी पाचवीचं गणित मागून घेतलं.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी त्यांना, उद्या काय वाईट होईल असं वाटतं ते लिहून ठेवायला सांगितलं. त्यांनी लिहिलं: पालक निकालावरून घेरतील, स्टाफ ऐकणार नाही, मी बोलताना अडखळेन. संध्याकाळी ताळा घेतला. एका पालकाने निकालाचं विचारलं होतं, तेही हळुवारपणे. बाकीच्यांना गणवेशाची आणि बालरथाच्या वेळेची चिंता होती. अडखळल्या मात्र खऱ्या, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

भाषण चार-पाच वाक्यांचं झालं. पाचवीच्या मुलांना त्या म्हणाल्या की इंग्रजीत बोलता आलं नाही तर मराठीत सांगा, कोंकणीत सांगा, पण सांगा. शिक्षकांना मीटिंगमध्ये एकच काम दिलं: पहिल्या पंधरवड्यात वर्गातलं जे मूल बोलत नाही, त्याचं नाव मला आणून द्या. शाळेतल्या कन्नड आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांची नावं त्यातूनच पुढे आली, ती आधी कुणाच्या हिशेबात नव्हती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. विज्ञानाची जागा जुलैपर्यंत रिकामी होती. रविवारी रात्री त्यांना अजून झोप कमी लागते. चेअरमननी निकालाचं विचारलंच. तेव्हा बाईंनी नववीतल्या कच्च्या मुलांची यादी समोर ठेवली आणि त्यांच्यासाठी जादा तासांची परवानगी मागितली. ती मिळाली.

तुमचीही अवस्था अशी असेल तर शाळा सुरू झाल्यावर दोनेक आठवडे थांबून बघा. कामाला हात लागल्यावर बहुतेकांची धडधड ओसरते. पण त्यानंतरही झोप येत नसेल, जेवण जात नसेल, शाळेच्या गेटशी जाऊन परत फिरावंसं वाटत असेल, तर समुपदेशक किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठा. बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास मोफत चालतो. आणि जगणंच नकोसं वाटण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका, आजच फोन करा.